बाथरूमची उबदार फरशी: मॅट की सुटी केबल?

कॅनडातल्या मिसिसागाच्या आमच्या घरात वरच्या बाथरूममध्ये चार वर्षांपूर्वी टाइलखाली विजेवर तापणारी मॅट टाकली, तळघरातल्या बाथरूममध्ये गेल्या हिवाळ्यात तशीच तापणारी, पण जाळीविना सुटी केबल. दोन्ही वेळा गुडघे माझेच सोलले, म्हणून चार शब्द बोलतो.

वीज दोन्ही सारखीच खातात, चौरस फुटाला साधारण 12 वॅट. 40 चौरस फुटांना 480 वॅट, हेअर ड्रायरपेक्षा कितीतरी कमी. थर्मोस्टॅटही तसाच. तिथे डोकं लावू नका.

मॅटचं एक बरं असतं. केबल जाळीवर आधीच बसवलेली, सतरंजी अंथरावी तशी अंथरली की अर्ध्या दिवसात मोकळे. बाथरूम चौकोनी असेल तर खुशाल घ्या. आमचं नाही. जाळी कापून मॅट वळवता येते, केबल मात्र कापायची नसते. कमोड आणि व्हॅनिटी म्हणजे बेसिनखालचं कपाट, यांमधल्या चिंचोळ्या पट्टीपर्यंत पोचेतो माझी मॅट संपली. आणि सकाळी दात घासताना उजवा पाय नेमका तिथेच पडतो. डावा पाय उबेत, उजवा जानेवारीत! बायको म्हणाली, "पायपुसणं टाक ना तिथे." टाकलं. एवढे पैसे घालून फरशी गरम केली आणि वर पायपुसणं.

म्हणून तळघरात खुंट्यांचं मेंब्रेन, म्हणजे वर खुंट्यांच्या ओळी असलेली प्लास्टिकची चादर, आणि सुटी केबल. खाली काँक्रीट होतं, तेव्हा आधी इन्सुलेशनचे बोर्ड, नाहीतर ऊब खालीच मुरते. केबल खुंट्यांमधून अंगठ्याने दाबत न्यायची, हवी तिथे वळवायची. ती आत बसते, त्यामुळे थिनसेट (टाइल चिकटवायचा सिमेंटचा मसाला) ओढताना थापी लागायची धास्तीही कमी. महाग पडते, हे खरं. हिशेबही आधी चोख हवा. माझी शेवटी चार फूट उरली, तेव्हा तीन ओळी उसवून पुन्हा घातल्या. चिडचिड झाली, पण ती एका दुपारची.

काहीही घ्या, मल्टिमीटर जवळ ठेवा. खोक्यातून काढल्यावर, अंथरल्यावर आणि टाइल लागल्यावर केबलचे ओहम, म्हणजे विजेला होणारा रोध, जुळले पाहिजेत. जोडीला फरशीचं तापमान मोजणारा एक जादा सेन्सर पुरून ठेवा. पहिला गेला तर फरशी फोडावी लागत नाही.

दोनच बाथरूमचा अनुभव आहे, तेव्हा हट्ट धरत नाही. मुलगी मात्र हल्ली दात घासायला दोन जिने उतरून तळघरात येते.