तयार प्रथमोपचार पेटी: घ्या, पण आतलं सामान बदलून

मेडिकलमध्ये मिळणाऱ्या प्लास्टिकच्या तयार पेट्यांत सामान जवळपास ठरलेलं असतं: कापसाची गुंडाळी, एखादं अरुंद बँडेज, थोड्या चिकटपट्ट्या, अँटिसेप्टिकची छोटी बाटली, पोव्हिडोन आयोडीनचं मलम, भाजल्यावरचं मलम, कात्री. डबा चांगला, झाकण घट्ट बसतं. पण घरी जखमेवर होणाऱ्या बऱ्याच चुका याच सामानातून सुरू होतात, म्हणून पैसे पूर्ण वसूल होत नाहीत.

कापूस आधी बाहेर काढा. तो रक्तात भिजून जखमेला चिकटतो, तंतू आत राहतात आणि ओढून काढताना धरलेली खपलीही निघते. त्याच्या जागी निर्जंतुक गॉजची (विरळ विणीच्या जाळीदार कापडाची) सीलबंद पाकिटं ठेवा. रक्त थांबवायचं तर गॉज ठेवून सलग १० मिनिटं दाबायचं. मध्ये उचलून बघितलं की धरलेली गुठळी सुटते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. गॉज भिजला तर काढू नका, त्यावरच दुसरा ठेवा.

अँटिसेप्टिकची बाटली न पातळ करता ओतली जाते, ही दुसरी चूक. झोंबलं म्हणजे औषध लागू पडलं, असा समज आहे; प्रत्यक्षात स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड जंतूंबरोबर जखम भरणाऱ्या नव्या पेशींनाही इजा करतात. साध्या खरचटण्याला पिण्याच्या पाण्याची वाहती धार पुरते. पेटीत भर घालायचीच असेल तर नॉर्मल सलाइनची, म्हणजे निर्जंतुक मिठाच्या पाण्याची, १०० मिली बाटली घाला. एकदा फोडली की उरलेलं पुन्हा वापरू नका. आयोडीनचं मलम मात्र राहू द्या, पातळ थरात. थायरॉइडचा त्रास असणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी आधी डॉक्टरांना विचारून घ्यावं. हळद दाबणं टाळाच: स्वयंपाकघरातली हळद निर्जंतुक नसते, आणि टाके घालायची वेळ आली तर डॉक्टरांना ती आधी घासून काढावी लागते.

भाजल्यावरच्या मलमाबद्दल आमचं मत सर्वांत कडक आहे. ते लगेच लावायची वस्तूच नव्हे. कुकरची वाफ किंवा उकळतं तेल लागलं की पहिली २० मिनिटं नळाच्या साध्या पाण्याखाली धरायचं. उशीर झाला असला तरी तीन तासांच्या आत हे केलं तर उपयोग होतो. कातडी तापलेली असताना मलम, टूथपेस्ट किंवा तूप थापलं की उष्णता आत अडकते. बर्फाने त्वचेला वेगळी इजा होते. सूज चढण्याआधी अंगठी, बांगड्या काढा. फोड फोडू नका, स्वच्छ प्लास्टिक फिल्म किंवा ओलसर स्वच्छ कापड सैल ठेवा. अशा मलमांत बऱ्याचदा सिल्व्हर सल्फाडायझिन हे औषध असतं; त्याच्या पांढऱ्या थराखाली भाजलं किती खोल हे डॉक्टरांना दिसत नाही, म्हणून ते लावायचं की नाही ते त्यांनाच ठरवू द्या.

‘वाऱ्यावर सोड, खपली धरेल’ हा सल्लाही जुना झाला. संशोधक जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांवरच्या प्रयोगात दाखवलं की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी त्वचा लवकर येते. पट्टी रोज बदला, भिजली तर लगेच. बोटाला ती गोल आवळून लावू नका, तिरकी गुंडाळा. सूज आली की गोल पट्टी रक्तप्रवाह अडवते.

अरुंद बँडेज मुरगळलेल्या घोट्याला पुरत नाही. ८ किंवा १० सेंमी रुंद क्रेप (ताणलं जाणारं) बँडेज वेगळं घ्या आणि पायाच्या बोटांच्या मुळापासून वर, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढवत बांधा. बोटं थंड किंवा बधिर झाली तर सैल करा. पहिल्या ४८ तासांत शेक आणि मालीश नको. चार पावलंही टाकता येत नसतील तर एक्स-रे काढा.

कुत्रा चावला तर मात्र पेटी उघडायचीच नाही. नळाखाली साबणाने १५ मिनिटं धुवा, तिखट-चुना लावू नका, घट्ट पट्टी बांधू नका आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखाना गाठा.