ठिबकचा टायमर: चार महिन्यांचा अनुभव (आणि त्या झाकणाबद्दल)

फेब्रुवारीत 1,850 रुपये मोजून घेतलेला ठिबकचा टायमर मेच्या तिसऱ्या आठवड्यात बंद पडला. कंपनीचं म्हणणं, आत पाणी गेलंय, ते वॉरंटीत बसत नाही. बागेतल्या नळाला लावायच्या वस्तूला पाण्याचं वावडं असेल, तर तिची काय देव्हाऱ्यात पूजा करायची?

बाकी सगळं खोक्यावर छापलेलं असतं, ते परत लिहीत नाही. आमची गच्ची कोथरूडला, कुंड्या 22. टाकीचा तळ नळापासून जेमतेम अडीच मीटर वर, म्हणजे प्रेशर चौरस सेंटिमीटरला पाव किलो. म्हणून घेताना एकच पाहिलं, की आत मोटरने फिरणारा बॉल व्हॉल्व्ह आहे ना. सोलेनॉइडवाल्या (विजेच्या चुंबकाने व्हॉल्व्ह उघडणाऱ्या) बहुतेक टायमरना पुरेसं प्रेशर लागतं, एवढ्याशा दाबावर ते नुसते टकटक करतात. दुकानदाराला हे मी समजावलं, असो. नळ अर्धा इंची, टायमर पाऊण इंची, त्यामुळे एक रिड्यूसर आणि टेफ्लॉन टेप वरखर्च.

पहिला दीड महिना मी या यंत्रावर वैतागलेलो होतो. फाल्गुनातलं पुणं म्हणजे पहाटे शाल आणि दुपारी पंखा. तासाला दोन लिटरचे ड्रिपर, सकाळ-संध्याकाळ पंधरा-पंधरा मिनिटं, म्हणजे छापील हिशोबाने कुंडीमागे रोज एक लिटर. गारठ्याच्या आठवड्यातही तेवढंच. अडेनियमचं (हे कमी पाण्याचं झाड) खोड बुडाशी मऊ पडलं, दाबलं तर बोट आत जायला लागलं. मातीत बोट खुपसून बघणारा माणूस निदान थांबला तरी असता. (अडेनियमला ठिबक लावलं हा माझा गाढवपणा, पण राग कुणावर तरी काढायला हवा.)

एप्रिलमध्ये मत बदललं. पारा चाळिशीला टेकला, गुरुवारी पाणी बंद, आणि त्यातच आठ दिवस कोकणात जावं लागलं. परत आलो तेव्हा मोगरा कळ्यांनी लगडलेला आणि कढीपत्त्याला कोवळी पालवी. खरी गंमत टोमॅटोची. दरवर्षी फळाच्या बुडाशी काळा खड्डा पडायचा आणि मी कॅल्शियमच्या नावाखाली अंड्याची टरफलं कुटत बसायचो. माती कधी कोरडी ठाक तर कधी चिखल असली, की मातीत असलेलं कॅल्शियमही फळापर्यंत नीट पोचत नाही. रोज ठरल्या वेळी पाणी मिळाल्यावर डाग दिसेनासे झाले. टरफलं बंद. त्या आठवड्यात कुणी विचारलं असतं तर पाच तारे दिले असते.

मग वळीव आला, आणि झाकण.

टायमरला पाऊस कळत नाही, हे मान्य. त्यासाठी 24, 48 किंवा 72 तास थांबवायचं बटण आहे. अंदाज अख्ख्या शहराचा असतो, पाऊस हडपसरला पडतो आणि कोथरूडला नुसती धूळ, म्हणून आधीच बटण दाबून ठेवण्यात अर्थ नाही. पाऊस सुरू झाला की दाबायचं. आणि ते बटण आहे कुठे? झाकणाखाली! म्हणजे ज्या क्षणी झाकण घट्ट बंद हवं, नेमकं त्याच क्षणी ते उघडायचं. झाकणाची रबरी रिंग शेवयाएवढी, एप्रिलच्या उन्हाने कडक होऊन एका जागी चिरलेली. मी एका हातात छत्री घेऊन दाबत होतो, तेवढ्यात खालच्या काकू ओरडल्या, "अहो, एवढा पाऊस पडतोय, आता तरी ते ठिबक बंद करा!"

कस्टमर केअरला चार फोन, सहा फोटो. शेवटी विचारतात, "सर, आपण झाकण पावसात उघडलं होतं का?" म्हटलं, "पावसाचं बटण काय उन्हात दाबू?" पलीकडे शांतता. मग नवीन टायमरवर दहा टक्के सूट देऊ केली. नव्या टायमरलाही झाकण हेच.

शेवटी स्क्रू काढून पाहिलं, तर सेलच्या पट्टीवर हिरवट थर. व्हिनेगरचा कापूस फिरवला, पॉलिश पेपरने घासलं, दिवसभर उन्हात ठेवलं. नवे सेल घातल्यावर व्हॉल्व्ह घुर्र करून फिरला. वर श्रीखंडाचा रिकामा डबा उपडा घालून सुतळीने बांधला. मेमधला पुढचा सगळा पाऊस त्या डब्याने झेलला, रिंगने नव्हे.

2025 चा मान्सून पुण्यात 26 मेलाच आला, एरवी दहा जूनच्या आसपास येतो. त्यामुळे सेल काढून टायमर कपाटात टाकलाय, आता थेट ऑक्टोबरमध्ये. प्रेशर कमी असेल तर बॉल व्हॉल्व्हवालाच घ्या, सोलेनॉइडवाला बहुतेक चालणार नाही. एक तारा झाकणाचा कापलाय, खरं तर दोन कापणार होतो, टोमॅटोंनी वाचवलं.

डबा काकूंचा होता. त्यांनी परत मागितलाय.