डीडब्ल्यूसिमवर एक सेमिस्टर: पैसे वाचले, एककांनी डोकं खाल्लं

ऐन प्रॅक्टिकलच्या आठवड्यात रासायनिक प्रक्रिया संगणकावर चालवून बघण्याच्या आमच्या विकतच्या सिम्युलेटरचं लायसन्स संपलं. विक्रेत्याचं म्हणणं एकच, आधी पीओ (खरेदीची लेखी ऑर्डर) पाठवा. रक्कम ऐकून मी फोन ठेवला आणि डीडब्ल्यूसिम हा तसाच सिम्युलेटर उतरवून घेतला. मुक्त स्रोत, शून्य रुपये, लिनक्सवरही चालतो. आयआयटी मुंबईच्या फॉसी या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पात विद्यार्थ्यांनी केलेल्या तयार फ्लोशीट (प्रक्रियेचे आराखडे) फुकट मिळतात, तो बोनस.

आता रडगाणं. एककं! इथिल अ‍ॅसिटेट आणि कॉस्टिक सोड्याचं साबणीकरण घेतलं. २५ अंशांना वेगस्थिरांक, म्हणजे अभिक्रिया किती झपाट्यानं होते तो आकडा, साधारण ०.११ लिटर प्रति मोल-सेकंद. दोन्ही अभिकारक ०.०५ मोल प्रति लिटर, रिअ‍ॅक्टरमध्ये १० मिनिटं. हातानं गणित केलं तर सीएसटीआरमध्ये (सतत ढवळली जाणारी टाकी) ५८ टक्के कन्व्हर्जन, म्हणजे तेवढा माल अभिक्रियेत वापरला गेला; पीएफआरमध्ये (लांब नळी) ७७. मुलांनी ०.११ तसाच टाकला, सांद्रतेचं एकक मात्र मोल प्रति घनमीटर ठेवलं. अभिक्रिया दुसऱ्या कोटीची (वेग दोन सांद्रतांच्या गुणाकारावर), म्हणून स्थिरांकात लिटर येतो; एका घनमीटरमध्ये हजार लिटर, म्हणजे आकडा हजारानं भागायला हवा होता. ‘मॅडम, ९८ टक्के आलं!’ अख्खी बॅच खूश. स्क्रीनवर सगळं हिरवं, कुठे हूं की चूं नाही. मूळ आकडा मिनिटांत असेल तर भागाकार थेट ६०,००० चा.

पहिल्या महिन्यात मी याला दोनच तारे दिले असते. मग नियम केला: आधी वहीत उत्तर, मगच माउसला हात. तेव्हापासून चूक मुलंच पकडतात. तरी एककाच्या चौकटीशेजारी एक लाल सूचना द्यायला काय जातं, हे मी म्हणत राहणारच. आता चार तारे.

चौथा तारा खरं तर पीएफआरच्या आलेखाचा. उष्मादायी अभिक्रिया, बाहेरून थंडावा नाही, आणि नळीच्या लांबीबरोबर तापमान कसं चढत जातं ते समोर दिसतं. फळ्यावर मी ती रेघ वर्षानुवर्षं काढत आलेय. ‘इनलेट पाच अंशांनी वाढवलं तर?’ हा प्रश्न मात्र पहिल्यांदाच वर्गातून आला.

डीडब्ल्यूसिममधल्याच गिब्ज रिअ‍ॅक्टर या प्रकारावर मी बंदी घातली आहे. तो वेगस्थिरांक मागत नाही, आकारमान विचारत नाही, थेट समतोल, म्हणजे अभिक्रिया शेवटी जिथे स्थिरावते ती अवस्था, काढून देतो. म्हणून तर मुलांचा लाडका. वेगाचा विषय शिकताना वेगच गाळायचा? जर्नलमध्ये गिब्ज दिसला की ते पान मी तपासत नाही.