झोपेचं इंजेक्शन मागितलं, मिळालं थोडंसंच

द्राक्षबागेच्या ऑक्टोबर छाटणीच्या ऐन गडबडीत ट्रॉलीवरून घसरलो आणि उजवं मनगट मोडलं. दिंडोरीहून पोरानं थेट नाशिकला गंगापूर रोडच्या या छोट्या हॉस्पिटलात आणलं. प्लेट टाकायची होती, पण पूर्ण भूल न देता खांद्याजवळ सुई देऊन नुसता हात बधिर करणार होते.

तिथंच माझी तंतरली. मागे चुलतभावाला दुसरीकडे असंच इंजेक्शन दिलं, तेव्हा टेबलावरच झटके आले होते. भूलवाल्या मॅडमना म्हटलं, "आधी मला गाढ झोपवा, म्हणजे झटक्याची भानगडच नको."

मॅडम खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, "काका, मिडाझोलाम, म्हणजे झोपेचं औषध, आधी दिलं तर झटके सहजी येत नाहीत, हे खरंय. पण बधिर करायचं औषध रक्तात जास्त गेलं, तर हृदयाला त्यानं काही वाचवता येत नाही. आणि ओठाला मुंग्या, तोंडात लोखंडासारखी चव, कानात गुणगुण, ही त्याची आधीची लक्षणं झोपलेला माणूस मला सांगणार कसं? 1 मिलिग्रॅम देते. तुम्ही बोलत राहा."

मग हिशोब. बधिर करायचं औषध म्हणजे अ‍ॅड्रेनालिन घातलेलं लिग्नोकेन, वजनाच्या किलोमागे 7 मिलिग्रॅमच्या आत. माझं वजन 54, म्हणजे 378. दोन टक्क्यांच्या 1 मिलीत 20 मिलिग्रॅम, म्हणजे 19 मिलीसुद्धा बसत नाही. बागेत पंपाला औषध मोजून टाकतो आम्ही, पण माणसाचंही वजनावर ठरतं हे 58 व्या वर्षी कळलं! सोनोग्राफीत हाताचे मज्जातंतू बघत, दर थोड्या मिलीनंतर थांबून, सुई मागे ओढून रक्त येतंय का बघत त्यांनी औषध सोडलं. मी द्राक्षाच्या भावाबद्दल बडबडत होतो, त्या मधेच विचारायच्या, "ओठ कसे आहेत?" ट्रेवर दुधासारखी पांढरी बाटली होती. विचारलं तर म्हणाल्या, 20 टक्के लिपिड, म्हणजे शिरेतून द्यायचं चरबीचं द्रावण, बधिर करायचं औषध अंगावर आलंच तर त्यासाठी. ती उघडावी लागली नाही.

ऑपरेशनात हातोडीचा आवाज ऐकू आला, दुखलं नाही. मिडाझोलामनं अधूनमधून डुलकी लागली तेवढीच.

तक्रारी दोन. सकाळी 8 ला उपाशीपोटी बोलावलं आणि नंबर लागला 12 ला. गाडी लावायला जागाच नाही, पोरगा तीन चकरा मारून आला. बिलात त्या पांढऱ्या बाटलीचे पैसे लावले नव्हते, मी दोनदा तपासलं.

संध्याकाळपर्यंत हात मेल्यासारखा लटकत होता. चहा बायकोनं पाजला, तोही फिक्का.