अलास्कात अस्वलाच्या शिकारीचं बुकिंग केलं आणि ४,५०० डॉलर घालवून बसलो

मंडळी, हसायचं तर हसा, पण इथे टेक्सासमध्ये आपली बरीच मराठी पोरं हल्ली हरणाच्या शिकारीला जायला लागलीत आणि त्यातल्या कोणाच्या तरी डोक्यात उद्या अलास्का येणारच, म्हणून लिहितोय. (गावी मी यातलं काही बोलत नाही, तिकडे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद, आणि आई तर हरणाचं ऐकूनच आठवडाभर बोलली नव्हती.)

तयारीत मी कसूर केली नव्हती. वर्षभर दर शनिवारी रेंजवर, बसून, गुडघ्यावर, काठीच्या टेकूवर नेम धरायचा सराव. बेअर स्प्रे (अस्वल अंगावर आलं तर मारायचा तिखट फवारा) विमानात नेता येत नाही, तिकडेच उतरून घ्यायचा, हेही माहीत. फक्त गाइड नीट बघितला नाही.

अलास्काबाहेरच्या माणसाला ब्राउन बेअर मारायचं तर लायसन्सवाला गाइड सोबत लागतोच, नाहीतर तिथला रहिवासी असलेला जवळचा नातेवाईक. म्हणजे आईबाप, सख्खा भाऊ, मेव्हणा, सासरा वगैरे. चुलतभाऊ मामेभाऊ चालत नाहीत, आता आपल्याकडे चुलतभाऊ म्हणजे भाऊच हे अलास्कावाल्यांना कोण सांगणार.

चांगले गाइड २० हजार डॉलरच्या वरच बोलतात. मला मिळालेला गाइड म्हणाला एकाचं कॅन्सल झालंय, ९ हजारात ये. आणि बोलणं इतकं पक्कं की काय सांगू, विमानाने गेलास तर त्या दिवशी शिकार नाही, दुसऱ्या दिवशी पहाटे ३ नंतरच, पिल्लं आणि पिल्लांची आई मारायची नाही, कातडं आणि कवटी ३० दिवसांत तिथल्या वन्यजीव खात्याला दाखवून सील, म्हणजे अधिकृत खूण, लावून घ्यायची. मी एकेक गोष्ट तपासली, सगळी बरोबर निघाली, आणि तिथेच माझा विश्वास बसला. लायसन्सचा फोटोही पाठवला. निम्मे पैसे झेलने (Zelle, बँकेतून थेट पैसे पाठवायची सोय) पाठवले, वर सरकारी लायसन्सचे १६० आणि टॅगचे (एका अस्वलापुरत्या परवान्याचे) १,००० मीच भरून टाकले उत्साहात.

मग कॉन्ट्रॅक्ट मागितलं तर येईल येईल, आणि तीन आठवड्यांनी फोनच बंद.

तेव्हा कुठे तो फोटो झूम करून बघितला. असिस्टंट गाइड! असिस्टंटला स्वतः शिकारीचं काम घेताच येत नाही, ते फक्त रजिस्टर्ड गाइड घेऊ शकतो. राज्याच्या लायसन्स साइटवर नाव आणि नंबर टाकून बघायला दोन मिनिटं लागतात, फुकट, मी पैसे गेल्यावर टाकला आणि नंबर भलत्याच माणसाचा निघाला.

बँक म्हणते तुम्हीच पाठवलेत. तक्रार दिलीय, पुढे काही नाही. एक मित्र म्हणाला पळाला तेच बरं झालं, खरंच घेऊन गेला असता तर ते अस्वल बेकायदा ठरलं असतं आणि कातडं राज्याबाहेर आणलं की थेट फेडरल केस. पटलं मला, पण ४,५०० काही परत आले नाहीत. हिला आकडा अजून निम्माच सांगितलाय, टॅगचे तर त्यात धरलेच नाहीत.