आधी काय वाचवायचं: मोडी रुमाल, साप्ताहिकांच्या फायली की कॅसेटी?

निधी अपुरा असला की ग्रंथालयाचा पहिला हात मोडी कागदांकडे जातो, कारण ते सगळ्यांत जुने. पण वयावर जाऊ नका. पाहायचं ते हे: दुसरी प्रत कुठे आहे का, आणि काहीच केलं नाही तर ही किती काळ तग धरेल?

मोडी रुमालांचा, म्हणजे कापडात बांधलेल्या मोडी कागदांच्या गठ्ठ्यांचा, हातकागद लांब तंतूंचा, शाई बहुधा काजळाची. ती उडत नाही, कागदही खात नाही. मात्र पाणी लागलं की पसरते. म्हणून ओल, वाळवी आणि कसर एवढेच खरे वैरी. धुतलेलं सुती कापड, आम्लरहित खोका, जमिनीपासून वीतभर उंच आणि भिंतीला न टेकणारी मांडणी, इतक्यावर बरीच वर्षं निघतात. लॅमिनेशन आणि चिकटपट्टी मात्र कदापि नको. भिजलेला किंवा वाळवी लागलेला रुमाल सापडला, तर बाकी सगळं थांबवून तो आधी.

साप्ताहिकांचा कागद लाकडाच्या लगद्याचा. आम्लामुळे तो आतूनच ठिसूळ होतो. कोऱ्या समासाचा कोपरा पुढे-मागे दुमडून पाहा. दोन-चार वेळांत तुटला, तर ती फाइल वाचकांना देणं बंद करा आणि वरून कॅमेरा लावून 400 डीपीआयने (इंचाला 400 ठिपके) टिफ प्रती, म्हणजे तपशील न गमावणाऱ्या चित्र-फाइली, काढा. सपाट स्कॅनरवर दाबलं की बांधणी उसवते. प्रकाशकांनी ठरावीक ग्रंथालयांना प्रत धाडायची, अशा 1954 च्या ग्रंथप्रदान कायद्यात 1956 पासून वर्तमानपत्रंही आली, त्यामुळे मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयात आधी चौकशी करा. तालुक्याच्या साप्ताहिकांनी अंक धाडले असतीलच असं नाही, आणि म्हणूनच त्यांचा नंबर मोठ्या दैनिकांच्या आधी.

व्याख्यानमाला, शाहिरी, कीर्तनांच्या कॅसेटी मात्र सगळ्यांच्या पुढे. इथे फितीइतकीच वाजवणाऱ्या यंत्राची पंचाईत आहे: चालू डेक आणि तो दुरुस्त करणारा, दोन्ही दुर्मिळ होत चाललेत. नव्वद मिनिटांच्या कॅसेटला नव्वद मिनिटंच लागतात, घाई चालत नाही. आधी पाठीमागच्या पट्ट्या तोडा, म्हणजे चुकून वर काही रेकॉर्ड होणार नाही. डेकचं हेड, म्हणजे फीत वाचणारा भाग, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. बुरशी दिसली तर वाजवू नका. ती डेकमार्फत पुढच्या कॅसेटींना लागते. आतला फेल्टचा तुकडा गळला असेल तर फीत दुसऱ्या कवचात घाला. आवाज 96 किलोहर्ट्झ, 24 बिट स्टिरिओ वेव्ह फाइलमध्ये (आवाज न दाबता साठवणारी फाइल) उतरवा; तिला तासाला सुमारे 2 जीबी लागतात. दोन प्रती, दोन वेगळ्या इमारतींत.