पुढच्या टाकीत पेट्रोल भरताना काच वाचवायचं कव्हर, नरसाळं आणि हातपंप : नऊ महिन्यांचा अनुभव

ज्यांच्या होमबिल्ट म्हणजे स्वतः बांधलेल्या, किंवा जुन्या छोट्या विमानात पेट्रोलची टाकी फायरवॉलच्या (इंजिन आणि कॉकपिटमधल्या आगरोधक पडद्याच्या) मागे आणि झाकण विंडस्क्रीनच्या अगदी पुढ्यात आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. सोनेक्स घ्या, केआर-२ ची मूळ पुढची टाकी घ्या, नाहीतर कारखान्यात बनलेलं जुनं पायपर जे-३ कब, ज्याच्या झाकणातून तार वर आलेली असते आणि तीच पेट्रोलचा काटा असते. टाकी तिथे ठेवायला कारणही चांगलं आहे, पेट्रोल स्वतःच्या वजनाने खाली कार्ब्युरेटरपर्यंत उतरतं आणि पंपावर अवलंबून राहावं लागत नाही. पण भरताना जे काही सांडतं त्याला पहिली भेटते ती काच.

काच म्हणतो आपण, पण माझ्या विमानात ते पॉलिकार्बोनेट हे पारदर्शक प्लास्टिक आहे. बांधताना मी तेच निवडलं कारण थंडच वाकवता येतं, भोकं पाडताना फुटत नाही आणि काही आदळलं तर अॅक्रिलिकसारखे (काचेसाठी वापरतात ते दुसरं प्लास्टिक) तुकडे उडत नाहीत. पेट्रोलपुढे मात्र हेच प्लास्टिक फार हळवं. पेट्रोलमध्ये टोल्युइन, झायलीनसारखे पदार्थ असतात, १०० एलएल या विमानांच्या पेट्रोलमध्येही टोल्युइन असतंच, आणि ते ताणाखाली असलेल्या पॉलिकार्बोनेटला आतून सोडवतात. ताणाखाली म्हणजे कुठे, तर जिथे शीट वाकवून बसवलीये तिथे आणि स्क्रूच्या भोकांच्या कडेला. सपाट पडलेल्या तुकड्यावर थेंब पडला तर कदाचित नुसता डाग पडेल, तोच थेंब खालच्या कोपऱ्यात स्क्रूपाशी मुरला तर केसासारखा तडा जातो. अॅक्रिलिकवालेही सुटलेले नाहीत, तिथे बारीक तड्यांची जाळी येते.

माझ्या बाबतीत तडा कसा गेला ते आधी सांगतो कारण पुढचं सगळं त्यावरून आलंय. पहिले दोन महिने मी सगळे करतात तेच करायचो, जाड सुती टॉवेल काचेवर टाकायचा आणि कॅन उचलून नरसाळ्यात ओतायचं. काचेवर कधी उघडा थेंब दिसला नाही म्हणून मी निर्धास्त होतो. मग एक दिवस काच धुताना डाव्या खालच्या कोपऱ्यात दुसऱ्या स्क्रूपासून वर जाणारी साधारण बोटाच्या पेराएवढी रेघ दिसली, नख फिरवलं तर लागली. बराच वेळ विचार केला आणि मग टॉवेलचा वास घेतला. टॉवेल दर वेळी थोडं पेट्रोल पीत होता आणि भरून होईपर्यंत ते नेमकं खालच्या कडेला दाबून धरत होता. उघड्यावर पडलेला थेंब काही सेकंदात उडून गेला असता, टॉवेलने त्याला दहा मिनिटं मुक्काम दिला. तडा पुढे सरकू नये म्हणून टोकाला ३ मिलिमीटरचं गोल भोक मारलं, पण तो तात्पुरता इलाज आहे, काच बदलायचीच आहे.

त्यानंतर कव्हर शिवलं. वरचा थर नायट्राइल रबर चढवलेल्या कापडाचा, जो पेट्रोल पीत नाही, आणि काचेला लागणारा थर मऊ सुती. पण खरी कामाची गोष्ट कव्हर नाहीच, ती आहे झाकण आणि काच यांच्यामध्ये आडवी बसणारी रबराची नळी, कव्हरच्या खालच्या कडेला शिवलेली. ती बांधासारखं काम करते, सांडलेलं पेट्रोल काचेकडे न येता दोन्ही बाजूंनी विमानाच्या कुशीवरून खाली जातं. पहिल्यांदा ही नळी फार हलकी घेतली होती, वाऱ्याने उचलली जायची आणि खालून पेट्रोल शिरायचं. आता जाड आहे आणि दोन्ही टोकांना इलॅस्टिक, जे कॉकपिटच्या कडेला कापडी फासाने अडकतं. एका मित्राने सुचवलं की चुंबक शिव, पण एकतर खाली पत्रा अॅल्युमिनियमचा, चुंबक धरणार कशाला, आणि काचेच्या लगेच मागे होकायंत्र आहे, तिथे चुंबक नेणं मला मान्य नाही. चेन, बटण, धातूची रिंग यातलंही काही ठेवलं नाही, सगळं ओरखडे काढतं.

तीन-चार महिन्यांनी एक गोष्ट कळली जी सुरुवातीला डोक्यात नव्हती. उन्हात काचेवर बारीक गोल गोल ओरखडे दिसायला लागले आणि ते पेट्रोलचे नव्हते, धुळीचे होते. काचेवर बसलेली धूळ आणि सुती थरात अडकलेली धूळ मिळून कव्हर सॅंडपेपर झालं होतं. आता आधी काचेवर भरपूर पाणी ओततो, तळहाताने हलकेच फिरवतो, टिपून घेतो, आणि मगच कव्हर. काढल्यावर सुती बाजू आत घडी घालून स्वच्छ पिशवीत, आणि धुवायला वेगळं, कधीही इंजिनच्या चिंध्यांबरोबर नाही. कोरड्या फडक्याने पुसायचं तर नावच नको, ओरखडे येतात ते येतात, वर स्टॅटिक (घर्षणाची स्थिर वीज) तयार होऊन आणखी धूळ चिकटते.

स्टॅटिकवरून, हे नीट वाचा. प्लास्टिकच्या काचेवरून कापड ओढून काढलं की चार्ज तयार होतो आणि बाजूला टाकी उघडी असेल, वाफ येत असेल, तर काच वाचवायच्या नादात माणूस भाजेल. म्हणून माझा क्रम पक्का आहे : मॅग्नेटो (इंजिनला ठिणगी देणारे) बंद आहेत हे बघायचं, कव्हर घालायचं, उघड्या धातूला हात लावायचा, एक्झॉस्टला (इंजिनच्या धुराच्या धातूच्या नळीला) क्लिप लावून तार पंपाच्या धातूच्या नळीला आणि नरसाळ्याला जोडायची, मग झाकण उघडायचं. झाकण घट्ट बंद होऊन सांडलेलं वाळल्याशिवाय कव्हरला हात नाही. कॅन कायम जमिनीवर.

कॅन जमिनीवर ठेवता येतो तो हातपंपामुळे आणि हा या सगळ्यातला माझा सगळ्यात आवडता बदल. २० लिटर पेट्रोल म्हणजे साडेचौदा किलोच्या आसपास, वर कॅनचं वजन, ते छातीपर्यंत उचलून काचेपासून वीतभर अंतरावर धरायचं आणि तिरकं करायचं म्हटलं की कधी ना कधी हात थरथरतो, कॅनची कड काचेला लागते, आणि सुरुवातीला हवा घेताना कॅन जो गचका देतो तो तर ठरलेलाच. पंपाने एका कॅनला पाच-सहा मिनिटं लागतात, खांदा दुखतो, चालेल. हलवून सुरू होणारा सायफनही वापरून बघितला, पण त्याला कॅन टाकीपेक्षा उंच लागतो म्हणजे परत स्टूल आणि परत उचलणं. पंपात एक कमी होती, थांबल्यावर पाइपच्या तोंडातून थेंब येत राहतात आणि ते नेमके पाइप परत नेताना पडतात. टोकाला पेट्रोलला चालणारा छोटा व्हॉल्व्ह बसवला, बंद करतो, तोंड नरसाळ्यात मिनिटभर तसंच ठेवतो.

नरसाळं पाणी वेगळं करणारं आहे, काळं, वीज वाहणाऱ्या प्लास्टिकचं. गाळायला उत्तम, एकदा त्यात खरंच पाणी सापडलं तेव्हा फार समाधान वाटलं. पण त्याच्या बुडाशी थोडं पेट्रोल मुद्दाम राहतं, कारण पाणी तिथेच अडकवायचं असतं, आणि नरसाळं उचलून तिरकं झालं की ते थेट खाली येतं. माझं सगळ्यात मोठं सांडणं भरताना झालेलं नाही, भरून झाल्यावर नरसाळं काढताना झालंय, ओंजळभर, आणि त्या दिवशी बांध नसता तर उजवा कोपराही गेला असता. आता पसरट डबा खाली धरूनच उचलतो आणि बाजूने काढतो, काचेवरून कधीच नेत नाही. काय वापरायचं ठरवत असाल तर भरून झाल्यावरचे शेवटचे थेंब कुठे जातात तेवढं बघा, भरताना सगळेच जपतात.

आणि काठोकाठ भरू नका. पेट्रोल दर अंशाला साधारण हजारात एक भाग फुगतं, माझी टाकी ६० लिटरची, सकाळी गार पेट्रोलने गच्च भरून विमान उन्हात ठेवलं आणि टाकी १५ अंशांनी तापली तर जवळपास पाऊण-एक लिटर बाहेर यायला बघतं, झाकणाच्या व्हेंटमधून (हवेच्या भोकातून), आणि तेव्हा काचेवर कव्हर नसतं, आपण चहा पीत असतो. मी आता तीन लिटर जागा सोडतो.

इतकं करूनही पडलंच तर पुसायचं नाही. आधी झाकण बंद, मग पाणी, भरपूर पाणी, वरून खाली, आणि खालच्या पट्टीच्या फटीत तर दोनदा, कारण पेट्रोल सीलखाली ओढलं जातं आणि तिथेच भोकं असतात. मग सौम्य साबण आणि परत पाणी. घरातला काच पुसायचा स्प्रे नको, त्यातल्या अमोनियाने दोन्ही प्लास्टिकं खराब होतात. जाता जाता, विंडस्क्रीनच्या स्क्रूंना थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावतात तो द्रव) लावू नका, तोही पॉलिकार्बोनेटला तडे पाडतो, हे बऱ्याच बांधणाऱ्यांना माहीत नसतं.

सात महिन्यांत नवा तडा नाही, जुना भोकापाशी थांबलेला आहे, दर वेळी टॉर्च तिरका मारून बघतो. कव्हरच्या रबरी थराला घडीवर चिरा पडायला लागल्यात, आता घडी न घालता गुंडाळून ठेवतो. नवी काच कापून तयार आहे, यावेळी भोकं स्क्रूपेक्षा मोठी ठेवलीत म्हणजे तापमानाने फुगायला जागा राहील, कडा पॉलिश केल्यात, आणि स्क्रू हलक्या हातानेच आवळणार. रबरी नळीचा बांध मात्र आता कव्हरला न शिवता विमानावरच कायमचा बसवायचा विचार चाललाय.